भूधर कसा चालतो

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या कंपनीचं पाकीट आज आलं. आमच्या कॉमिकच्या पहिल्या अंकाची पानं परत आली आहेत आणि त्यांच्यावर इतकं लाल आहे की क्षणभर मला वाटलं, चला, भूधरने शेवटी कुणाला तरी खाल्लं. पण तसं कसं होईल? भूधर माणसं खात नाही, हे तुमच्या नियमावलीत पहिल्याच पानावर छापलंय. तो शाळा पाडत नाही, दवाखाना पाडत नाही. बस तोंडात धरायची तर ती रिकामी हवी. पडलाच तर कुशीवर पडावा, पाठीवर नको, कारण पाठीवर पडलेल्या राक्षसाची खेळणी खपत नाहीत. एवढा डोंगराएवढा प्राणी, आणि तुम्ही लोकांनी त्याला नव्या नवरीसारखा धाक घालून ठेवलाय.

शेऱ्यांखाली सही नाही, नुसतं ‘मान्यता विभाग’. पण बाण काढताना तू अजूनही टोक आधी काढतोस आणि दांडी मागाहून, आणि ती कधी जुळत नाही. शाळेच्या नकाशांवरही तुझे बाण असेच तुटके असायचे. तेव्हाच ओळखलं. आई गेल्यापासून तू या घरात पाऊल टाकलं नाहीस, चार ओळी लिहिल्या नाहीस, आणि आता लिहितोस ते काय, तर ‘शेपटीचा कोन तपासावा.’

म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. विभागाला लिहिलं तर विभागच वाचेल.

तपासते हो कोन. पण कशावरून तपासू? चित्रपट अजून पुरा व्हायचाय. मला तुम्ही दिलीत ती एक पटकथा, जिच्या निम्म्या ओळींवर काळं फासलंय, आणि नव्या भूधरचे काही फोटो, सगळे पाठमोरे. चेहरा गुपित, पंजे गुपित, आणि तो चालतो कसा हे तर इतकं गुपित की बहुधा तुमच्यातही कुणाला ठाऊक नसावं. नायिकेचं काम करणाऱ्या बाईंचा चेहरा करारात नाही, म्हणून माझी नायिका अख्ख्या अंकात कधी दुर्बिणीमागे, कधी हेल्मेटमध्ये, कधी धुरात. बाकीचे राक्षसही करारात नाहीत. मग भूधर लढतो कुणाशी? धुक्याशी. आणि वर मुखपृष्ठावर छापायचं, ‘चित्रपटाचं अधिकृत चित्ररूप’. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे मला अंगणच दिलेलं नाही.

आमचे संपादक मात्र खूश आहेत. आम्ही सगळे त्यांना होयबा म्हणतो. तुमच्याकडून फोन आला की ते खुर्चीतून उठून उभे राहतात आणि फोनलाच मान डोलावतात. कॉमिकचे हक्क मिळाले त्या दिवशी ते ऑफिसभर असे फिरत होते, जसा काही भूधर त्यांनी स्वतः अंडं उबवून काढलाय. अरे, भाड्याचा राक्षस तो. मुदत संपली की परत करायचा आणि उरलेल्या अंकांचा लगदा करायचा, असं कलमच आहे तुमचं. पण होयबांना कोण सांगणार? आणि मीही काय, तोच राक्षस काढत बसले आहे.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. उत्तराची वाट बघायची सवय या घरातून केव्हाच गेली.

दुसऱ्या अंकाची पानं मिळाली. ‘नखं चार नव्हेत, तीन.’ ‘धूर जास्त.’ ‘नायिकेचं नाक दिसतं आहे.’ नाक दिसतंय! आता नाकालाही परवानगी लागते. शिकलेसवरलेले लोक सकाळी न्याहारी करून, बूट घालून ऑफिसला जातात आणि दिवसभर कागदावरच्या बाईचं नाक किती दिसतं ते मोजतात. आई तुला दिव्याखाली बसवून गणितं घालायची ती याचसाठी.

पण मधल्या पानांवर, जिथे भूधर समुद्रातून वर येतो आणि बंदरातून शहरात चालत जातो, तिथे एक टिंब नाही. लाल पेन तिथे टेकलंच नाही. होयबा म्हणाले, ‘बघा, काम चांगलं असलं की मान्यता विभागसुद्धा गप्प बसतो.’ 

तू ओळखलंस, हो ना?

मला ती चाल सुचत नव्हती. पाठमोऱ्या फोटोंवरून कुणी चालतं का? कितीतरी कागद फाडले. हत्ती काढून बघितला, कासव काढून बघितलं, दारू प्यायलेला माणूस काढून बघितला. मग एका सकाळी बाबा न्हाणीघरातून निघून पॅसेजमधून खुर्चीकडे जात होते. डावा गुडघा वाकत नाही त्यांचा. म्हणून आधी उजवा खांदा वर जातो, मग कंबर, मग तो पाय मागून ओढत येतो, आणि टेकला की अख्खं शरीर जरासं थांबतं, पुढचं पाऊल टाकावं की नको असं ठरवत असल्यासारखं. मी वही घेऊन दारात उभी राहिले. दुसऱ्या दिवशी परत उभी राहिले. त्यांना वाटलं, पडतील म्हणून मी पाळत ठेवते आहे. ‘मी काय रांगतोय का?’ म्हणून खेकसले.

तो गुडघा कसा गेला हे तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण तू विसरायचं ठरवलंयस. जुन्या चित्रपटांत भूधर म्हणजे बाबा. तो रबराचा पोशाख घातला की दोन माणसं मागे लागायची त्यांना उभं करायला. मानेतल्या भोकांतून बघायचं, पुठ्ठ्याचं शहर तुडवायचं आणि दृश्य संपलं की बुटांतून घाम ओतायचा. शेवटच्या चित्रपटात एका पुठ्ठ्याच्या पुलाखाली कुणीतरी लोखंडी कांब ठेवली आणि बाबांना सांगायचं राहून गेलं. त्यानंतर पोशाखही गेला आणि गुडघाही. म्हणजे ही चाल कुठल्याही चित्रपटात नाही. ती फक्त आपल्या पॅसेजमध्ये आहे.

आणि नावांच्या यादीत काय यायचं, आठवतं? ‘भूधर: स्वतः.’ आत माणूस आहे हे लोकांना कळू नये म्हणून. बाबांना त्याचा केवढा अभिमान! अजून सांगतात, ‘माझ्याइतकं चांगलं कुणी लपलं नाही.’ मला त्या अभिमानाचाही संताप येतो. त्यांच्या नावावर बोळा फिरवला त्या लोकांनी, आणि हे बोळ्याचं कौतुक करत बसलेत.

गुडघा हल्ली जास्त दुखतो. डॉक्टर म्हणतात, जपा.

ताई


१४ मे

धाकट्या,

आज होयबा घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी आले. हातात तुमच्या वकिलांचं पत्र.  माणूस घाबरला की किती सज्जन दिसतो, ते मी आज पाहिलं.

पत्रात असं आहे. आमच्या दुसऱ्या अंकातली भूधरची चाल आणि तुमच्या चित्रपटातली भूधरची चाल पावलागणिक एक आहे. चित्रपट कुलपात आहे. बाहेरच्या कुणी त्याची एक चौकट पाहिलेली नाही. त्याअर्थी चित्रकार बाईंनी चित्रपटातली दृश्यं चोरून पाहिली. समाधानकारक खुलासा आला नाही तर हक्क परत, छापलेल्या अंकांचा लगदा, आणि बाईंचं नाव इतर प्रकाशकांना कळवण्यात येईल.

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

मला दोन आणि दोन चार करता येतात. माझी पानं आधी गेली, चित्रपट मागाहून झाला. ती पानं आमच्याकडून तुझ्याच टेबलावर येतात. तिकडे तुमचे चाल बसवणारे कॉम्प्युटरवाले राक्षसाला पाय कसा उचलायला लावायचा म्हणून अडून बसले असणार. कुणीतरी माझी पानं नेऊन त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालं, ‘असा चालतो.’ आता चाल बसली, शाबासक्या वाटून झाल्या, आणि ती आली कुठून ते कुणाला आठवत नाही. ज्याला आठवतं त्याने कानावर हात ठेवलेत.

तू ती पानं पुढे का नेलीस, हे मला विचारायचं नाही. हे वाक्य खोटं आहे. विचारायचंय. पण आधी हे निस्तरू दे.

तुला फार काही करायचं नाही. उठून एवढंच सांगायचं: ‘ही माझ्या वडिलांची चाल आहे. काढणारी माझी बहीण आहे. पानं मी दिली.’ एका श्वासात होतं. मी मोठ्याने म्हणून बघितलं.

पण तुझ्याच्याने व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे, कारण तुमच्या कंपनीचं ते गुळगुळीत मासिक मी वाचलंय. होयबा आणतात ते, पूजेला ठेवल्यासारखं टेबलावर मांडतात. त्यात तुझा फोटो, हाताची घडी, आणि खाली तुझे बोल: ‘माझे वडील इंजिनिअर होते. मोठमोठे पूल बांधायचे. त्यामुळे भव्यतेची ओढ लहानपणापासूनच.’

अरे, बाबांनी पूल बांधले नाहीत, तुडवले! जन्मात एक पूल धड ठेवला नाही त्यांनी. भव्यतेची ओढ म्हणे. मी कॉमिकवर टोपणनावाने सही करते म्हणून तुझं निभावलं, नाहीतर दोन आडनावं शेजारी ठेवून कुणीही विचारलं असतं. मासिक मी गादीखाली घालून ठेवलंय. बाबांनी पाहिलेलं नाही.

माझं वय आता दुसरं काही शिकण्याचं नाही. मला राक्षस काढता येतात, एवढंच. चोर म्हणून नाव फिरलं की या धंद्यात दार उघडून पाणीही कुणी विचारत नाही. त्यामुळे लवकर काय ते कर.

ताई


२१ मे

धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. इतक्या वर्षांनी पहिला. ‘ताई, जरा थांब. माझी परिस्थिती समजून घे.’ एवढ्यात दोनदा वाचून झाला. तिसऱ्यांदा वाचायला त्यात काही उरलं नाही.

तुझी परिस्थिती मला समजते. तुझ्या परिस्थितीला काचेची केबिन आहे आणि तिच्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत. माझ्या परिस्थितीला एक बाप आहे, ज्याला सकाळी मोजे मी घालते.

बरं, बोलता येत नसेल तर बोलू नकोस. मी दुसरा उपाय काढलाय. तुमच्या लोकांना आमच्या घरी येऊ दे. बाबा पॅसेजमधून चालतील, ते बघतील, आणि डोळे असतील त्याला कळेल. होयबांनी कंपनीला कळवलं आणि तुमच्या वकीलबाई तयार झाल्या. चाल बसवणाराही येणार आहे. मान्यता विभागातून कुणीतरी हवंच, असं होयबांना मीच लिहायला लावलं. तेव्हा ये. परक्यासारखा ये, दार तुला अनोळखी आहे असं दाखव, वाटलं तर शेजारी पत्ता विचार. फक्त तिथे हजर राहा. त्यांचं चालणं बघून तुला तोंड उघडावंसं वाटलं तर उघड. नाही वाटलं तर उंदराला मांजर साक्ष, असं मी समजेन.

बाबांना सांगितलं, कॉमिकचे लोक तुमचं चालणं बघायला येणार आहेत. ‘एवढंच? ते तर माझं कामच होतं,’ म्हणाले. तूही येशील असं सांगितलं.  मघापासून शर्टाला इस्त्री करताहेत. कॉलर तिसऱ्यांदा चालली आहे.

ताई


३ जून

धाकट्या,

तू तिथे होतास. तरी लिहिते, कारण तू सगळा वेळ फरशीकडे बघत होतास आणि फरशीवर काही घडलं नाही.

तुम्ही चौघं आलात. वकीलबाई, चाल बसवणारा, आमचे होयबा आणि तू. वकीलबाई वाईट नव्हत्या, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. चपला दारात काढल्या, बाबांच्या खुर्चीजवळ बसल्या, उगाच घाई केली नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तू आत आलास तेव्हा त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी हात अर्धा वर केला. तू कोट सारखा करत होतास. हात तसाच परत मांडीवर गेला.

मग वकीलबाई सहज गप्पा मारायच्या म्हणून म्हणाल्या, ‘तुमच्या पिढीची माणसं बघितली की बरं वाटतं, आजोबा. आमच्या सरांचे वडीलही तुमच्याच वयाचे असतील. मोठे इंजिनिअर होते. पूल बांधायचे.’ आणि कौतुकाने तुझ्याकडे बघितलं.

बाबांनीही तुझ्याकडे बघितलं. तुला दिसलं नसेल म्हणून सांगते. रागावले नाहीत. दुखावल्यासारखेही दिसले नाहीत. काही वेळ विचार केला आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम कामाचा भाव आला. मला वाटतं पोशाख चढवण्याआधी ते असेच दिसत असावेत.

‘पूल? वा,’ म्हणाले. ‘टिकाऊ काम आहे ते, साहेब. वडिलांना माझा नमस्कार सांगा.’

आणि तू म्हणालास, ‘सांगतो.’

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चौकट घट्ट धरली, नाहीतर हातातलं भांडं तुझ्या डोक्यात घातलं असतं. सांगतो! कुणाला सांगणार होतास? कुठे जाऊन?

वकीलबाई म्हणाल्या, ‘आजोबा, जरा चालून दाखवता का? तुम्ही नेहमी चालता तसं.’

बाबा उठले. खुर्चीच्या हातांना न धरता उठले. मी त्यांना असं उठताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग चालले. पाठ ताठ, खांदे एका रेषेत. डावा गुडघा वाकवला त्यांनी, धाकट्या. जो वाकत नाही, ज्याच्यासाठी मी सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करते, तो गुडघा त्यांनी इतर कुणाच्याही गुडघ्यासारखा वाकवला आणि सरळ केला. खिडकीपर्यंत गेले, वळले, परत आले. चालीत काही म्हणजे काही नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस संध्याकाळी फिरायला निघाला असता तर असा चालला असता. ओठांवर घाम आला होता, तेवढाच. तो रुमालाने टिपून खुर्चीत बसले.

चाल बसवणारा म्हणाला, ‘छे, काहीच साम्य नाही.’ वकीलबाईंनी लिहून घेतलं. होयबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही आजच त्यांच्या ड्रॉवरमधून काही गेलं होतं.

मी तोंड उघडलं, तर बाबाच म्हणाले, ‘चहा टाक गं. मंडळी लांबून आलीत.’

तू मनात म्हणत असशील, मग तू का नाही बोललीस? मला बोलता आलं असतं. सगळं सांगून तुझा तो कोट तिथेच उतरवता आला असता. पण बाबांनी एवढं चालून तुला झाकलं होतं आणि मी त्यांच्या देखत ते पांघरूण ओढून काढायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. ‘ही माझ्या वडिलांची चाल आहे’ हे वाक्य तुझं होतं. तू चहा घेतलास. साखर कमी आहे असंही म्हणाला नाहीस, एवढे उपकार.

तुम्ही गेल्यावर त्यांना खुर्चीतून उठता येईना. शेजारच्यांना हाक मारून पलंगावर नेलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर म्हणाले, ‘या वयात कसल्या कसरती करता?’  डॉक्टर गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावून विचारलं, ‘ओळखलं नाही ना कुणी?’

मी म्हटलं, नाही.

‘मग झालं,’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मला तुझी किळस येते. हे मी विचार करून लिहिते आहे.

ताई


१९ जून

धाकट्या,

तुमच्या कंपनीने दया दाखवली. ‘विशेष बाब म्हणून’ हक्क काढून घेणार नाहीत आणि नावही फिरवणार नाहीत. फक्त मी चालीची सगळी पानं नव्याने काढायची, चित्रपटाशी अजिबात जुळणार नाहीत अशी, आणि एका कागदावर सही करायची की गुप्त दृश्यं मी अनधिकाराने पाहिली व मला त्याचा खेद आहे. हा मधला मार्ग कुणी काढला ते होयबांनी मोठ्या कृतज्ञतेने सांगितलं. मान्यता विभागाने रदबदली केली म्हणे. वा रे रदबदली! आधी घर पेटवायचं आणि मग बादलीभर पाणी आणून दिलं म्हणून सत्कार घ्यायचा.

मी सही करणार नव्हते. कागद फाडायलाच घेतला होता. बाबांनी पलंगावरून विचारलं, ‘काय आहे ते?’

‘मी चोर आहे असं लिहिलंय यात.’

‘तू नाहीस, ठाऊक आहे मला.’

‘मग?’

‘सही कर. नाही केलीस तर ते खणत बसतील आणि त्याच्यापर्यंत जातील.’

‘जाऊ देत की! माझं नाव जातंय त्याचं काय?’

बाबा उशीला टेकून बसले. मग म्हणाले, ‘तुझं नाव गेलं तरी तुझा हात आहे. त्याच्याकडे नावाशिवाय काय आहे, सांग बरं?’

धाकट्या, मी तुला इतक्या पत्रांतून इतकं बोलले. पण यातलं एकही वाक्य त्या एका वाक्याच्या पासंगाला पुरत नाही. आणि ते त्यांनी तुझी कीव येऊन म्हटलं, अगदी मायेने. मी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

पानंही काढून दिली. आमच्या कॉमिकात आता भूधर समुद्रातून वर येतो आणि ऑफिसला उशीर झालेल्या कारकुनासारखा तरातरा शहरात शिरतो. तुमच्या विभागाने एकही शेरा न मारता ती मंजूर केली. चित्रपट लागला की वाचकांची पत्रं येतील: चित्रकार बाईंना एवढंही ठाऊक नाही का, की भूधर डावा पाय ओढत चालतो? होयबा ती पत्रं छापतीलही. वाचकांना काय, राक्षसाचं एक नख चुकलं तरी ते घरचं कुणी गेल्यासारखे रडतात.

चित्रपट पुढच्या महिन्यात येतोय. बाबांना जायचंय. ‘नव्या माणसाने कसं केलंय ते बघायला हवं,’ म्हणतात. आता आत माणूस नसतो हे मी त्यांना सांगितलेलं नाही. पडद्यावर कुणाची चाल आहे हेही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मी कंपनीला न विचारता त्यांची चाल काढली आणि एवढ्यावरूनच सगळं रामायण झालं.

मी त्यांना नेणार नाही. तू ने.

ती पानं तू पुढे का नेलीस, हे आता मी विचारत नाही. इतकी पानं लाल केलीस आणि तेवढीच कोरी सोडलीस. तुझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट धड झाली, ती तू न बोलता केलीस, आणि बोलायची वेळ आली तेव्हा चहा प्यायलास. तेव्हा आता बोलायला नको. बाबांना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून तळमजल्यावरच्या कडेच्या खुर्च्या घे. डावा पाय मोकळा सोडता आला पाहिजे. आणि घाबरू नकोस, सिनेमागृहात अंधार असतो. शेजारी कोण बसलंय ते तिथे कुणाला दिसत नाही. तुझ्यासाठी जगात याहून सोयीची जागा नाही.

भूधर पाण्यातून वर येईल. उजवा खांदा उचलेल, मग कंबर, मग मागून पाय येईल. बाबांना तिथेच कळेल. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे हळू बोलता येत नाही. ते मोठ्याने म्हणतील, ‘अरे, हा तर मी!’ पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघतील.

तेव्हा त्यांना गप्प बसा म्हणू नकोस.

ताई